रीळ नाही तरी खटका का ओढायचा, त्याची पार्श्वभूमी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फोटो काढत होतो, दत्तजयंतीची गर्दी, आणि एक अप्पा घोडे सोडून बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत उभे. फोटो काढला की कॅमेऱ्यावरचा खटका, म्हणजे रीळवाल्या कॅमेऱ्यात रीळ पुढे सरकवायची असते ती दांडी, अंगठ्याने ओढायचा, परत फोटो, परत खटका. शेवटी त्यांनी विचारलंच, "भाऊ, रीळ भेटस का आजून?" मी मागची स्क्रीन उलटवून त्यांना त्यांच्याच घोड्याचा फोटो दाखवला तर ते आणखी बुचकळ्यात पडले. रीळ नाही तर खटका कशाला, हा त्यांचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर गर्दीत उभं राहून देण्यासारखं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

कॅमेरा आहे एप्सन आर-डी१एस. हो, प्रिंटरवाली एप्सन. मार्च २००४ मध्ये त्यांनी आर-डी१ जाहीर केला, तो जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे दोन खिडक्यांतून अंतर जुळवून फोकस करायचा कॅमेरा (कसा ते पुढे येईलच), या प्रकारात नावाजलेल्या जर्मन लायका कंपनीच्याही आधीचा. एप्सन म्हणजे सेइको घड्याळांच्या घराण्यातली कंपनी आणि ते वरच्या डायलवर लगेच कळतं, घड्याळासारखे चार काटे आहेत, किती फोटो उरले, बॅटरी किती, व्हाइट बॅलन्स कोणता, क्वालिटी कोणती. बॉडी मात्र कोसिना या जपानी कंपनीच्या बेसा या रीळवाल्या कॅमेऱ्यावरून घेतलेली. बेसाचं शटर हाताने ताणावं लागायचं, ते तसंच ठेवलं. रीळ सरकवायचं काम गेलं, शटर ताणायचं राहिलं, एवढंच त्या खटक्याचं गुपित.

पण २००४ मध्ये, म्हणजे लोक आतल्या आरशामुळे लेन्समधूनच बघता येणारे डीएसएलआर घेत होते तेव्हा, असला कॅमेरा कोणाला हवा होता? ज्यांच्या कपाटात लेन्स पडून होत्या त्यांना. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा हाच आहे, हे कॅमेरे आधीपासून असलेल्या लेन्ससाठी बनवले गेले, आणि त्यांचे गुण-दोष सगळे तिथूनच आलेत.

सुरुवात लायकाची. १९२५ मध्ये पहिला लायका बाजारात आला तेव्हा त्यात अंतर मोजायची सोय नव्हती, अंदाज घ्या नाहीतर वेगळं यंत्र वर बसवा. १९३२ च्या लायका टू मध्ये रेंजफाइंडर आतच आला आणि लेन्सला जोडला गेला, त्याच वर्षी झाइस या दुसऱ्या जर्मन कंपनीचा कॉन्टॅक्सही आला. लेन्स तेव्हा आट्यांनी फिरवून बसायची, ३९ मिलिमीटरच्या आट्या. मग १९५४ मध्ये एम३ आला, आटे जाऊन खटकन बसणारा एम माउंट (लेन्स बसवायची बैठक) आला, आणि तो माउंट आजपर्यंत बदललेला नाही! आट्यांची जुनी लेन्सपण एक मिलिमीटर जाडीची रिंग लावली की एम बॉडीवर बसते आणि फोकसही जुळतो. मोबाइलचा चार्जर चार वर्षं टिकत नाही आणि इथे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची काच डिजिटल बॉडीवर चालतेय, मला याचं खरंच फार अप्रूप आहे.

रेंजफाइंडर चालतो कसा हे समजायला आपल्याला लांब जायला नको, भुसावळला जा. तिथे मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे, १८७९ मध्ये गेला. १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत बसलेला हा माणूस पुढे १८६० च्या दशकात फोटोग्राफीकडे वळला आणि त्याने स्टिरिओ फोटो काढले, म्हणजे थोड्या अंतरावरून दोन फोटो, दोन डोळ्यांनी बघितले की खोली दिसते. रेंजफाइंडर तीच गोष्ट उलटीकडून करतो. कॅमेऱ्याच्या अंगावर दोन खिडक्या, दोन्हीतून दिसणारं चित्र थोडं वेगळं, व्ह्यूफाइंडरच्या मधल्या चौकोनात माणूस डबल दिसतो, लेन्स फिरवत गेलं की दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येतात आणि तिथे फोकस. लेन्सच्या मागचा काठ आतल्या छोट्या चाकाला ढकलतो, चाक आरशाला हलवतं, सगळा कारभार दांड्यांचा. एसएलआरसारखा लेन्समधून बघायचा आरसा नाही, आणि म्हणून जागा वाचते.

इथेच डिजिटलची पंचाईत झाली. आरसा नसल्यामुळे लेन्सचं बूड फिल्मच्या अगदी जवळ येऊ शकतं, एम माउंट फिल्मपासून २७.८ मिलिमीटरवर आहे, निकॉनच्या एसएलआरचा ४६.५ वर. वाइड लेन्सचा प्रकाश मग कडेला फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही वाटत नाही पण सेन्सरच्या पिक्सलला उभा प्रकाश लागतो, नाहीतर कोपरे काळवंडतात, वर सेन्सरसमोरची काच जाड असेल तर कडा धूसर होतात. एप्सनने त्यातल्या त्यात सोपा रस्ता धरला, लहान सेन्सर, ६.१ मेगापिक्सल, दीडपट क्रॉप, म्हणजे लेन्सच्या चित्राचा मधलाच भाग घ्यायचा, त्रासाचे कोपरे बरेचसे बाहेरच राहिले. लायकाने २००६ च्या एम८ मध्ये सेन्सर मोठा घेतला, काच अगदी पातळ ठेवली आणि पातळ काचेतून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश आत शिरला. नाशिकच्या एका मित्राकडे एम८ आहे, त्याने काढलेल्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा काळा टेरिकॉटचा कोट चक्क जांभळा दिसत होता. लायकाला शेवटी गिऱ्हाइकांना ते अडवणारे दोन-दोन फिल्टर फुकट द्यावे लागले. सप्टेंबर २००९ च्या एम९ मध्ये पूर्ण फ्रेमचा, म्हणजे रिळाच्या चौकटीएवढा, १८ मेगापिक्सल सीसीडी सेन्सर आला, इन्फ्रारेडचा बंदोबस्त काचेतच केला, तर पुढे ती काचच ओलाव्याने खराब व्हायला लागली, फोटोत आकाशावर ठिपके. जुना एम९ घेणाऱ्याने सेन्सर बदललाय का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे मी कळकळीने सांगतो.

आपल्या खानदेशातली हवा कोरडी, त्यामुळे कोकणात लेन्सला फंगस लागते तेवढी इकडे लागत नाही. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ वर गेला की लेन्सच्या आट्यांमधलं जुनं ग्रीस पातळ होतं आणि अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर उतरतं. लेन्स गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि धक्क्याने रेंजफाइंडर हलतो. एकदा शिरपूरच्या बसमध्ये बॅग आदळली आणि दोन्ही प्रतिमा वर-खाली व्हायला लागल्या, घरी गच्चीवरून लांबच्या टॉवरवर नेम धरून हॉटशूखालचा (फ्लॅश बसवायच्या जागेखालचा) बारीक स्क्रू केसभर केसभर फिरवत अख्खी संध्याकाळ गेली.

माझी लेन्स आहे ज्युपिटर-८, ५० मिलिमीटर, एफ२. रशियन. मुळात झाइसची सोनार, युद्धानंतर सोव्हिएत लोकांनी जर्मनीतून यंत्रं, काच, आराखडे सगळं उचलून नेलं आणि स्वतःकडे बनवायला घेतली. अ‍ॅपर्चरच्या रिंगला क्लिक नाही, लोण्यासारखी फिरते. हिच्यात एक जुना घोळ आहे. लायकाचा रेंजफाइंडर ५० च्या लेन्सला प्रत्यक्षात ५१.६ मिलिमीटर धरतो, आणि रशियन लेन्स कॉन्टॅक्सच्या हिशोबाने ५२.४ ची. लांबचं सगळं ठीक येतं, पण मीटरभरावर फोकस दोन-तीन सेंटीमीटर मागे पडतो. १९३२ मध्ये दोन जर्मन कंपन्यांनी आपापला आकडा धरला तो असा माझ्यापर्यंत आला.

मला हे आजीच्या मांड्यांच्या फोटोत कळलं. चुलीवर खापर तापलेलं, आजी हातावर मांडा फिरवून फिरवून रुमालाएवढा करतेय, मी डोळ्यावर फोकस जुळवला, खटका ओढला, फोटो काढला, आणि स्क्रीनवर डोळा मऊ आणि कानातली कुडी धारदार. दहा फोटो तसेच गेले. आजी म्हणे, "काय करी राह्यना रे भाऊ, मांडा थंडा व्हयी जाई." मग डोळा सोडून नथीवर जुळवायला लागलो, नथीच्या दोन प्रतिमा एक झाल्या की दाबायचं. डोळा बरोबर तेवढाच मागे असतो. तेव्हापासून या लेन्सने माणूस जवळून घ्यायचा असला की मी नाकाच्या शेंड्यावरच फोकस करतो.