हुकूम पडद्यावरचा, बोट आपलं

'हाफ-लाइफ २' हा २००४ सालचा व्हिडिओ गेम एका रेल्वे स्टेशनात सुरू होतो. पृथ्वीवर परग्रहवासीयांची सत्ता आहे आणि गाडीतून उतरलेली माणसं मुकाट चालली आहेत. वाटेतला मुखवटा घातलेला शिपाई एक रिकामा कॅन मुद्दाम खाली पाडतो आणि दरडावतो: उचल, कचरापेटीत टाक. टाकलात तर हसून वाट सोडतो. त्याच्याच अंगावर फेकलात तर दंडुका बसतो. इंदूरने २०१७ पासून सलग काही वर्षं देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिला नंबर राखला, त्यामुळे खाली पडलेला डबा उचलणं आम्हा इंदूरकरांना जड जायचं कारण नाही. तरी तो कॅन उचलताना कानशिलं तापतात.

हाच प्रसंग कादंबरीत वाचला असता तर नायकाची कीव आली असती. इथे अपमान आपला होतो. जुलमी, सडलेल्या समाजाचं कल्पित चित्र रंगवणाऱ्या गोष्टींना डिस्टोपियन म्हणतात. अशा गोष्टी सांगण्यात गेमची ताकद कुठे आहे, असं विचारलं की बहुतेक जण ग्राफिक्सकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. ती ताकद आहे आपल्या हाताला दिलेल्या कामात.

आपण हात हलवतो तेव्हा स्नायूंना आज्ञा देतानाच मेंदू परिणामाचा अंदाजही बांधून ठेवतो. प्रत्यक्षात घडलेलं त्या अंदाजाशी जुळलं की 'हे मी केलं' असं वाटतं. शास्त्रज्ञ याला कर्तेपणाची जाणीव म्हणतात. बटण दाबताक्षणी पडद्यावरचा हात हलला, तर मेंदू त्या हाताचं कृत्यही आपल्या खात्यात जमा करतो. प्रतिसादाला उशीर होऊ लागला की ही जाणीव विरते. म्हणूनच गेम बनवणारे मिलिसेकंदांसाठी इतके झटतात.

पण पडद्यावरचं सगळं खोटं आहे हे ठाऊक असताना मन गुंततं कसं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ३४ जणांना संगणकाने उभ्या केलेल्या एका बाईची परीक्षा घ्यायला सांगितलं. ती चुकली की विजेचा झटका द्यायचा, दर वेळी आधीपेक्षा मोठा. बाई खरी नाही आणि झटकेही खरे नाहीत, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. तरीही ज्या २३ जणांना ती दिसत होती, तिचं ओरडणं ऐकू येत होतं, त्यांच्यात खऱ्या प्रसंगात दिसावा तसा ताण दिसला. उरलेले ११ जण तिच्याशी फक्त लिखित मजकुरातून बोलत होते. त्यांच्यावर तेवढा परिणाम झाला नाही. बुद्धीला पटलेलं शरीराला पटतंच असं नाही.

आता 'पेपर्स, प्लीज' घेऊ. लुकास पोप या एकट्या माणसाने बनवलेला हा गेम २०१३ मध्ये आला. विमानतळांवर पासपोर्ट तपासणाऱ्यांचं काम पाहून त्याला ही कल्पना सुचली. काळ १९८२ चा, देश कल्पित हुकूमशाहीचा. चित्रं मातकट, ठोकळ्यांची. तुम्ही सीमेवरच्या खोलीतले कारकून. एकेक माणूस खिडकीशी येतो, कागद सरकवतो. तारीख, फोटो, शिक्का, नंबर जुळवायचे आणि हिरवा किंवा लाल ठप्पा मारायचा. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पैसे मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकिदीची चिठ्ठी, तिसरीपासून दंड. संध्याकाळी त्याच पैशांतून घरभाडं, जेवण, शेकोटी आणि औषधं भागवायची.

राजेंद्रनगरात बहिणीकडे माझा भाचा हा गेम खेळत होता आणि त्याची आजी शेजारी बसून पाहत होती. एक माणूस तपासून पलीकडे गेला; जाताना सांगून गेला की मागे बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको आली, पण तिच्याकडे प्रवेश परवाना नव्हता. भाच्याने क्षणभरही न थांबता लाल ठप्पा मारला.

"अरे, तिला का परत पाठवलंस?"

"अगं आजी, कागद पूरा नव्हता ना. आज दोन चिठ्ठ्या आल्यात, आता पैसे कटतील."

"तिचा नवरा पलीकडे थांबलाय रे."

भाचा काही बोलला नाही. पुढचा माणूस खिडकीशी आला होता.

भाचा अतिशय मायाळू मुलगा आहे. पण डोळे तारखा जुळवण्यात आणि मन घरखर्चात अडकल्यावर चेहऱ्यांकडे लक्ष द्यायला उरतच नाही. हे कुणीही संवादातून सांगितलेलं नव्हतं. ते खेळाच्या नियमांनीच त्याच्याकडून करून घेतलं.

इथे एमिली कास्पार आणि पॅट्रिक हॅगार्ड या मेंदूसंशोधकांचं २०१६ चं संशोधन आठवतं. आपण स्वेच्छेने बटण दाबलं आणि थोड्या वेळाने आवाज आला, तर मधलं अंतर असतं त्यापेक्षा कमी भासतं. कर्तेपणाची जाणीव मोजायची ही एक पद्धत. या प्रयोगात बटण दाबलं की समोरच्याला खराखुरा सौम्य झटका बसू शकत होता. काही वेळा निर्णय स्वतःचा होता, काही वेळा संशोधकाचा हुकूम होता. हुकमाने दाबलं तेव्हा अंतर लांबलेलं भासलं, आणि परिणामाला मेंदूने दिलेला विद्युत प्रतिसादही क्षीण झाला. हुकमाखाली माणूस आपल्याच कृत्यापासून थोडा दूर सरकतो. 'पेपर्स, प्लीज' याच फटीत शिरतो, असं मला वाटतं. आधी नियमांची सवय लावतो आणि मग नियम मोडायचा की बाईला परत पाठवायचं, हा निर्णय तुमच्यावर टाकतो.

वॉर्साच्या स्टुडिओने २०१४ मध्ये काढलेला 'धिस वॉर ऑफ माइन' हा युद्धात अडकलेल्या सामान्य माणसांचा गेम वेगळ्या वाटेने तिथेच पोचतो. बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला १९९० च्या दशकात पडलेल्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात म्हाताऱ्या जोडप्याची औषधं चोरता येतात, पण नंतर आपलीच पात्रं खचत जातात. २०२० मध्ये पोलंड सरकारने त्याला शालेय शिफारस यादीत स्थान देत असल्याचं जाहीर केलं.

असे गेम खेळून कुणी आयुष्यभरासाठी दयाळू होतो, असा दावा मी करणार नाही; प्रयोगशाळेत मोजतात ती त्या घटकेची प्रतिक्रिया. पण असा एक गेम आपल्याकडे बनावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे: रेशनच्या, पेन्शनच्या, दाखल्यांच्या ज्या खिडकीबाहेर आपण ताटकळतो, तिच्या आतल्या खुर्चीत बसवणारा, मराठीत आणि इंदूरच्या हिंदीतही. इथल्या कॉलेजांत कोडिंग शिकणारी मुलं रग्गड आहेत, आणि खिडकीबाहेरच्या रांगेचा अनुभव तर घराघरात आहे.