कूलरचा नळ आणि एचआयव्ही

"ताई, रिपोर्टात तर व्हायरस सापडतच नाही म्हणते. मंग गोळी कायले खाऊ?"

गेल्या मे महिन्यात ओळखीच्या एका बाईंनी मला हे विचारलं. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं तिथे मिळतात) त्या थेट घरी आल्या होत्या. तीस गोळ्यांची बाटली पदराखाली घट्ट धरलेली. मी त्यांना खिडकीतला कूलर दाखवला.

नळ फ्लोटला जोडलेला असला की कूलरच्या टाकीतली पातळी दिवसभर तसूभरही हलत नाही. बघणाऱ्याला वाटावं, हा पाणी पीतच नाही. पण नागपूरच्या उन्हात सकाळी नळ बंद करून पाहा. दुपारपर्यंत टिल्लू पंप कोरडा घरघरायला लागतो. पाणी थांबलेलं नव्हतंच. जेवढं उडत होतं तेवढंच आत येत होतं.

एचआयव्हीच्या बाबतीत डॉक्टरांची हीच फसगत झाली होती. लागण झाल्यावर औषध नसतानाही माणूस आठ-दहा वर्षं धडधाकट दिसतो, रक्तातल्या विषाणूंची पातळीही बरीचशी स्थिर असते. विषाणू झोपलाय, असाच समज होता. न्यूयॉर्कचे एचआयव्ही संशोधक डेव्हिड हो यांनी नळ बंद करून पाहिला. रिटोनाव्हिर या तेव्हाच्या नव्या औषधाने पेशीतून बाहेर पडणारे विषाणू अर्धेकच्चे राहतात, पुढच्या पेशीला लागण करू शकत नाहीत. वीस रुग्णांना ते दिल्यावर रक्तातले विषाणू साधारण दर दोन दिवसांनी निम्मे होत गेले. जॉर्ज शॉ या दुसऱ्या संशोधकाच्या गटालाही तेच दिसलं, आणि जानेवारी १९९५ मध्ये दोन्ही निबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. पुढच्या वर्षी गणिती जीवशास्त्रज्ञ अ‍ॅलन पेरेलसन यांच्यासोबत हो यांनी हिशेब पक्का केला: रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, आणि जवळपास तितकेच नष्ट होतात. दहा वर्षं, एक दिवस खंड न पडता, शरीर हे युद्ध लढत असतं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आता यात नकलेच्या चुका मिळवा. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर साडेनऊ हजार अक्षरांच्या आसपास. तो उतरवून घेणारं विकर (एन्झाइम) मागे वळून तपासत नाही, त्यामुळे चुका राहतात. रोज हजार कोटी नकला होत असतील, तर एका अक्षराचा जो म्हणून बदल शक्य आहे तो रोज कुठेतरी घडतोच. लॅमिव्हुडिन या एचआयव्हीच्या औषधाला चकवायला असा एकच बदल पुरतो. अशा बदलांमुळेच १९८७ साली आलेलं एझेडटी हे औषध एकटं दिलं की थोड्याच काळात निष्प्रभ व्हायचं. पण एकाच विषाणूत तीन वेगळ्या औषधांवर मात करणारे बदल एकदम जुळून येणं फार फार दुर्मीळ. बाईंच्या बाटलीतल्या प्रत्येक गोळीत म्हणूनच तीन औषधं आहेत: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर.

गोळ्या मध्येच चुकल्या की ही तिन्ही औषधं शरीरातून एकाच वेगाने उतरत नाहीत. काही काळ विषाणूसमोर एखादंच औषध उरतं, आणि त्याला हवी असते ती संधी मिळते.

"मंग किती वर्सं?" बाईंनी विचारलं.

डेव्हिड हो यांनाही हाच प्रश्न पडला होता. दोन-तीन वर्षांच्या सलग उपचारांनी विषाणू समूळ जाईल, अशी आशा त्यांना १९९७ मध्ये वाटत होती. पण संशोधक रॉबर्ट सिलिसियानो यांना अशा काही पेशी सापडल्या, ज्यांच्या डीएनएत विषाणू खरोखरच गप्प पडून राहतो. तिथे औषध पोहोचून उपयोग नाही. हा साठा निम्मा व्हायलाच साडेतीन वर्षांहून अधिक लागतात. पुरता संपायला साठ-सत्तर वर्षं. गोळी थांबवली तर बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परततो.

"म्हणजे जन्मभर," मी म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती दोनदा सांगितली: नियमित गोळीने रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

"नवऱ्याले बी सांगान का हे?" त्यांनी विचारलं. "तुमच्या तोंडून आइकलं तं पटन त्याले."

रविवारी त्यांना घेऊन या, म्हटलं.