६० लिटरच्या टाकीतलं प्रवाळ

मे महिन्यात ६० लिटरच्या खाऱ्या टाकीवर पंखा लावून ठेवला, तर दिवसाला लिटरभर पाणी सहज उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी. मीठ टाकीतच राहतं. तीन दिवस लक्ष दिलं नाही तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेली क्षारता ३६.८ वर जाते. ३०० लिटरच्या टाकीतून तेवढंच पाणी उडालं तर ती ३५.४ लाही पोचत नाही. लहान टाकी बिघडते ती बहुतेकदा इथे, आणि दोष मात्र दिव्याला किंवा फिल्टरला दिला जातो.

म्हणून काचेवर पातळीची खूण करा आणि रोज तिथपर्यंत भरा, तेही आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेल्या, गोड्या पाण्याने. खाऱ्या पाण्याने भर घातली तर मीठ वाढतच जातं. आपोआप भरणारा सेन्सर लावणार असाल तर त्याला ३ लिटरचाच कॅन जोडा. सेन्सर अडकला आणि कॅन २० लिटरचा असला, तर टाकी वाहून जाते आणि उरलेलं पाणी प्रवाळांना सोसवत नाही इतकं गोडं होतं.

आठवड्याला ६ लिटर पाणी बदलायचं. त्याला सागरी मिठाचं मिश्रण साधारण २२० ग्रॅम लागतं. नेमकं किती ते रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, पाहायचं. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. घट्ट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पंप लावून रात्रभर घुसळू द्या. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट नसल्यात जमा.

टाकीत ५-६ किलो सच्छिद्र सिरॅमिकचे दगड ठेवा. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा आणू नका, वाळलेला असला तरी: कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलणारे जीवाणू दगडांवर वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया घालून पाहा. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. मग तपकिरी थर चढतो. ते डायाटम नावाचं सूक्ष्म शैवाल असतं, बहुधा आपोआप ओसरतं. घाबरून औषध घालू नका, तांबं असलेलं तर मुळीच नाही.

आधी मशरूम, लेदर यांसारखी मऊ प्रवाळं आणि क्लाउनफिशची एक जोडी पुरे. तापमान २५-२६ अंश, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) ८ ते ९ डीकेएच, म्हणजे तिच्या मोजमापाच्या एककात. झोअँथिड (बटणांसारखे गुच्छ करणारे प्रवाळांचे नातलग) घेतलेत तर हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्यांचा दगड कधीही उकळू नका. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि ते वाफेसोबत श्वासात जातं.

वीज गेली तर पहिला धोका प्राणवायूचा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप चार्ज करून टाकीजवळच ठेवा.