प्लेनर बोर्ड

प्लेनर बोर्ड : चालत्या होडीमागे गळ ओढत नेताना दोरी होडीच्या मागे न राहता बाजूला दूर जावी, यासाठी वापरायची तरंगती फळी. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत, विशेषतः ईरी, मिशिगन व ऑन्टारिओ या सरोवरांत, हौशी मासेमारीच्या होड्यांवर ती नित्याची वस्तू आहे. मराठीत तिला रूढ प्रतिशब्द नाही. इंग्रजी नावातील ‘प्लेनर’ हा शब्द सुताराच्या रंध्याचाही वाचक असल्याने कोशाधारे केलेली भाषांतरे फसतात. येथे अर्थ पाण्यावरून घसरत जाणारी, एवढाच. या नोंदीत तिला नुसते ‘फळी’ म्हटले आहे.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. होडीमागे गळ ओढणे म्हणजे ट्रोलिंग, आणि तळाशी जाळे ओढणे म्हणजे ट्रॉलिंग. मराठी वृत्तपत्रांत दोन्ही एकाच तऱ्हेने छापले जातात आणि समाजमाध्यमांवरील टवाळखोरीचा तिसरा अर्थही त्यांना येऊन मिळतो. कोकणात सुरमई किंवा कुपा यांसाठी चालत्या होडीमागे गळ सोडतात ते ट्रोलिंग. ट्रॉलर नौकेचे काम निराळे. मात्र फळीचे तत्त्व तिच्याही जाळ्याला लागू पडते, ते पुढे येईल.

रचना व कार्य : फळी पाण्यात आडवी न तरंगता कडेवर उभी राहते. तिचा खालचा भाग शिसे बसवून जड केलेला असतो आणि वरच्या भागात फोम असतो. दोरी पुढच्या टोकाकडे, तिरक्या ओढीने बांधल्यामुळे फळी प्रवाहाशी कोन करून चालते. पाणी एका अंगावर दाबते व ती बाहेरच्या बाजूला सरकते. पतंगाला कन्नी बांधताना वरची दोरी थोडी आखूड ठेवली की तो वाऱ्याला कोन देतो आणि चढतो. ही फळी म्हणजे आडवा उडणारा पतंगच. बाजूला नेणारा रेटा आणि मागे खेचणारा विरोध यांचा तोल जेथे साधतो, तेथे ती स्थिरावते. पतंग जसा डोक्यावर सरळ उभा राहत नाही, तशी फळीही होडीच्या अगदी काटकोनात कधी येत नाही, थोडी मागेच राहते.

हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा केला की रेटा चौथाई उरतो, मात्र फळीमागे दोरीवर लोंबणाऱ्या शिशाचे वजन तेवढेच राहते. त्यामुळे संथ चालीत दोरीला जड शिसे लावले असेल तर लहान फळी होडीच्या मागे मागे घसरत येते. ऋतूनुसार फळीच्या वापरात जे फरक पडतात, त्यांतले बरेच या एका गोष्टीतून निघतात.

फळीचे दोन प्रकार आहेत. लहान फळी साधारण वीतभर किंवा थोडी मोठी असते आणि ती गळाच्या काठीच्या तंगुसावरच, म्हणजे बारीक दोरीवरच, चिमट्याने बसवतात. ती डाव्या व उजव्या बाजूची वेगळी असते. चुकीच्या बाजूला सोडली तर होडीखाली शिरून सगळ्या दोऱ्यांचा गुंता करते. मासा लागल्यावर त्याच्याबरोबर फळीही ओढून घ्यावी लागते व वाटेत सोडवावी लागते. मोठी फळी हात-दीड हात लांब, बहुधा दुहेरी किंवा तिहेरी असते. होडीच्या पुढच्या भागातील डोलकाठीवरून जाड दोराने ती स्वतंत्रपणे ओढतात व काठ्यांची तंगुसे त्या दोरावर घसरत्या चिमट्यांनी अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मासेमार व मासा यांच्यामध्ये फळी राहत नाही. वेणीच्या दोऱ्या चिमट्यातून निसटतात, म्हणून फळीच्या कामात जुने एकपदरी तंगूसच अनेकांना बरे वाटते.

दोऱ्या लावण्याचा क्रमही ठरलेला आहे. सर्वांत बाहेरची दोरी आधी सोडतात. उथळ चालणारी आमिषे बाहेर व खोल जाणारी होडीजवळ ठेवतात. बाहेरच्या दोरीला लागलेला मासा मागे पडून मधोमध येतो, तेव्हा तो आतल्या खोल दोऱ्यांच्या वरून निघून यावा हा हेतू. होडी वळली की वळणाच्या आतली फळी मंदावते व बाहेरची वेगात येते. मंदावल्यावर तरंगते आमिष वर चढते आणि चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष खाली बुडते. कोणत्या बाजूला मासा लागला यावरून त्या दिवशी माशाला कोणता वेग रुचतो ते कळते. म्हणूनच अनुभवी मासेमार होडी मुद्दाम नागमोडी चालवतात.

उगम : फळीच्या पूर्वजाबद्दल एकमत नाही. स्कॉटलंड, आयर्लंड व स्कँडिनेव्हिया येथील तलावांत ‘ऑटर’ नावाचे साधन पूर्वापार आहे. काठावरून चालणारा माणूस हातदोरीने शिसे लावलेली फळी ओढतो, फळी तलावात आत सरकत जाते आणि दोरीला टांगलेले कित्येक गळ पाण्यावर पसरतात. एका माणसाला एका फेरीत भरपूर ट्राउट मिळत असल्याने ब्रिटनमध्ये हे चोरट्या शिकारीचे साधन मानले गेले. नाव ऑटर या प्राण्यावरून, म्हणजे पाणमांजरावरून, असे सामान्यतः धरतात. नॉर्वेजियन भाषेतही साधनाला ‘ओटर’ म्हणतात व स्वीडिशमध्ये ‘उटर’, आणि हे दोन्ही शब्द त्या प्राण्याचेही आहेत. यावरून नाव एका भाषेतून दुसरीत गेले असावे. पण कोणत्या दिशेने गेले, याविषयी दोन्हीकडचे लेखक आपापल्या भाषेच्या बाजूने झुकतात. पाणमांजर पाण्यात शिरून मासे घेऊन येते हे साम्य पुरेसे असल्याने दोन्ही ठिकाणी नाव स्वतंत्रपणे पडणेही अशक्य नाही.

दुसरे मत फळीचा संबंध ट्रॉल जाळ्याशी जोडते. तळाशी ओढायच्या जाळ्याचे तोंड पूर्वी लाकडी तुळईने उघडे ठेवत. तुळईची लांबी मर्यादित, म्हणून जाळ्याचे तोंडही मर्यादित. 1890च्या दशकाच्या पूर्वार्धात एडिंबरोजवळच्या ग्रँटन बंदरात तुळईऐवजी दोन बाजूंना दोन तिरक्या फळ्या लावण्याची पद्धत व्यापारी मासेमारीत उतरली व थोड्याच वर्षांत उत्तर समुद्रभर पसरली. या फळ्यांनाही ‘ऑटर बोर्ड’च म्हणतात. कोकण किनाऱ्यावरील ट्रॉलरच्या मागच्या बाजूला टांगलेल्या दोन जड फळ्या त्याच होत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचे अधिकारी डेनिस्टन बर्नी यांनी पाणसुरुंगांचे दोर कापण्यासाठी तयार केलेले पॅरावेन हे साधनही याच तत्त्वावर चालते, म्हणून काही लेखक त्यालाच हौशी फळीचा पूर्वज ठरवतात.

तत्त्व एक असले तरी वंश एक असेलच असे नाही. ट्रॉलच्या फळ्या व पॅरावेन पाण्याखाली चालतात. तलावातला ऑटर पृष्ठावर तरंगतो आणि गळच वाहतो. शिवाय ट्रॉलच्या फळीला ऑटरचे नाव मिळाले, ते नाव आधीच प्रचारात असल्यामुळे, असे मानणे सोपे जाते. तेव्हा आजची फळी तलावातल्या ऑटरची वंशज असण्याचा संभव अधिक दिसतो. पंचमहासरोवरांत ती रुळली ती बहुधा 1970च्या दशकात व नंतर. पार्श्वभूमी अशी : मिशिगन राज्याने 1966 मध्ये कोहो व 1967 मध्ये चिनूक सॅमन सोडले. एलवाइफ या परक्या लहान माशाची बेसुमार वाढ रोखणे व हौशी मासेमारीला चालना देणे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. सॅमन वाढले, किनाऱ्याकिनाऱ्याने भाड्याच्या होड्या आल्या आणि एका होडीतून अनेक दोऱ्या गुंता न होता चालवण्याची गरज निर्माण झाली.

दचकणारा मासा की रुंद पट्टा : फळी नेमकी उपयोगी का पडते, यावर दोन विचार आहेत. एक असा की होडीचा आवाज व सावली यांनी मासे बाजूला पांगतात आणि फळी आमिषाला त्या पांगलेल्या माशांपर्यंत नेते. दुसरा असा की फळीमुळे केवळ अधिक रुंद पट्टा चाळला जातो, दचकण्याचा प्रश्न गौण. दोन-तीन मीटर पाण्यातल्या माशाच्या बाबतीत पहिला विचार पटतो. पंधरा मीटर खोलीवरच्या माशाला पृष्ठावरून गेलेल्या होडीचे तितके भय असण्याचे कारण नाही, तेथे दुसरा. ह्यूरन व ईरी यांच्या मधल्या सेंट क्लेअर सरोवरात 1988 मध्ये झेब्रा शिंपला आढळला. तो व त्यामागून आलेला क्वागा शिंपला यांनी पाणी गाळून बरेच नितळ केले. तेव्हापासून पहिल्या विचाराचे वजन वाढले आहे.

ऋतुमान : वसंतात, बर्फ वितळल्यावर, फळीचे महत्त्व सर्वाधिक. ऑन्टारिओ व मिशिगन सरोवरांचे किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आधी तापते, मधले थंड राहते आणि दोहोंच्या सीमेवर 4 अंश सेल्सिअसच्या पाण्याची उभी भिंत तयार होते. पाणी या तापमानाला सर्वांत जड असल्याने ते तेथे बुडत राहते व दोन बाजूंचे पाणी सहजी मिसळत नाही. हा औष्णिक अडसर जिनीव्हा सरोवरात स्विस शास्त्रज्ञ फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. किनाऱ्याकडच्या उबदार, गढूळ पट्ट्यात लहान मासे जमतात व त्यांच्यामागे ब्राउन ट्राउट दोन-चार मीटर पाण्यात येतात. होडी अशा पाण्यावरून नेली की संपलेच. म्हणून होडी खोल बाजूने ठेवून फळी किनाऱ्याकडे सोडतात आणि आमिष फळीच्याही मागे तीसेक मीटर राहू देतात. गढूळ व नितळ पाण्याची रेघ दिसत असेल तर फळी त्या रेघेवरून चालवतात.

ईरी सरोवरात याच सुमारास वॉलाय हा मासा पश्चिम भागातील खडकाळ उंचवट्यांवर व मॉमी, सँडस्की या नद्यांत अंडी घालतो. पाणी 6 ते 10 अंशांच्या आसपास असते, माशाची हालचाल मंद असते आणि होडीही ताशी दोन-अडीच किलोमीटरने चालवावी लागते. वर सांगितलेली अडचण येथे उभी राहते : मंद चालीत लहान फळी नीट पसरत नाही. उपाय म्हणजे मोठी फळी, किंवा शिसे न लावता पाण्यात अधांतरी राहणारे लांबट आमिष.

उन्हाळ्यात फळीची गरज संपते असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे. पाण्याचे थर पडतात, चिनूक 11 ते 13 अंशांच्या थंड थराच्या मागे खोल जातो आणि जड गोळ्याने आमिष खाली नेणारे डाउनरिगर यंत्र पुढे येते. मात्र फळी खोली देत नाही, बाजू देते; खोली दुसऱ्या साधनाकडून घेऊन ती फळीला जोडता येते. शिशाचा गाभा असलेली दोरी दर दहा यार्डांना रंग बदलते व ताशी सव्वातीन किलोमीटरच्या चालीत एकेक रंग सुमारे दीड मीटर बुडतो. असे पाच किंवा सात रंग फळीमागे सोडले की होडीपासून दूरही खोलवर आमिष चालवता येते. ईरीतील वॉलाय तोपर्यंत पूर्वेकडे, मध्य व पूर्व खोऱ्यांत गेलेला असतो. मध्य खोऱ्यात उन्हाळ्याच्या अखेरीस तळच्या थरातला प्राणवायू संपत येतो व मासा तळ सोडून मधल्या पाण्यात लटकतो. चाल आता ताशी साडेतीन-चार किलोमीटर असते, त्यामुळे लहान फळीही ताठ चालते. तळाला धरून राहणारा मासा नेमक्या जागी शोधावा लागतो. अधांतरी विखुरलेल्यासाठी रुंद पट्टा चाळणे बरे. फळीच्या उन्हाळी उपयोगाचे खरे कारण हे, दचकणे नव्हे.

शरदात थर मोडून पाणी पुन्हा एकजीव होते. वॉलायचे कळप पश्चिमेकडे परततात आणि शॅडसारख्या लहान माशांच्या मागे रात्री किनाऱ्याजवळ येतात. या माशाच्या डोळ्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. ऑक्टोबर ते डिसेंबर क्लीव्हलँड व ह्यूरन या ओहायोतील बंदरांबाहेर रात्रभर होड्या फिरतात. फळ्यांवर लहान दिवे बांधतात. दिवा मागे सरकला की मासा लागला. या दिवसांत पाण्यावर पानगळीचा कचरा असतो, आमिषाला पान अडकले तरी फळी किंचितच मागे येते. ते ओळखण्यासाठी काही फळ्यांवर स्प्रिंगचा झेंडा असतो, ओढ वाढली की तो पडतो.

हिवाळ्यात ईरी उथळ असल्याने लवकर गोठते व फळी घरी जाते.

कायदा : मिशिगन राज्यात माणशी तीन दोऱ्यांपर्यंत मुभा आहे, त्यामुळे तिघाचौघांच्या होडीला फळीवाचून इतक्या दोऱ्या सांभाळणे अवघड. इंग्लंड व वेल्समध्ये 1975 च्या सॅमन व गोड्या पाण्यातील मासेमारी कायद्याने सॅमन, ट्राउट व गोड्या पाण्यातील मासे ऑटरने पकडण्यास मनाई केली आहे. त्यातील व्याख्या केवळ हातदोरीच्या जुन्या ऑटरपुरती नाही. काठी व दोरीला सहाय्यक म्हणून आमिष तलावात किंवा नदीत बाजूला नेणारी कोणतीही फळी वा काठी तीत येते. ईरी सरोवरावर दुकानात उघड विकत मिळणारी लहान फळी या व्याख्येतून सुटत नाही. नॉर्वेत ऑटर अजून चालतो, पण डोंगरी सरकारी मुलखांत तो मुख्यतः स्थानिक रहिवाशांचा हक्क समजला जातो.