इथिओपियात नवं राज्य मागायचं तर : कलम 47 ची वाट आणि अडणारे अर्ज

इथिओपियाची राज्यघटना 1995 साली लागू झाली तेव्हा देशात 9 राज्यं होती. आज 12 आहेत. तिथे राज्याला ‘किलिल’ म्हणतात आणि त्यांची मूळ आखणी वंश आणि भाषा धरून झाली. आपल्याकडे कलम 3 खाली संसदच नवं राज्य करते, विधानसभेचं नुसतं मत मागवते, जनमताची अट नाही. तिथे कलम 47 खाली उलट. मागणी त्या समाजाने करायची, कौलही त्याच भूभागातल्या लोकांनी द्यायचा. कागदावर ही वाट इतकी सरळ दिसते की वाचणाऱ्याला वाटतं, वर्षभरात काम होईल.

आधी पात्रता. कलम 39 मध्ये ‘राष्ट्र, राष्ट्रीयता किंवा जन’ कोणाला म्हणायचं ते दिलंय : बऱ्याच अंशी समान संस्कृती किंवा चालीरीती, एकमेकांना समजणारी भाषा, आपण एक आहोत ही भावना, समान मानसिक जडणघडण आणि बहुतांशी सलग भूप्रदेश. यातला मानसिक जडणघडणीचा दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, ते घटनेत नाही! सिल्ते लोकांची गणना सरकारदरबारी गुरागे या दुसऱ्या समाजात व्हायची. आपण वेगळे आहोत एवढंच मान्य करून घ्यायला त्यांना 2001 मध्ये मतदानाला सामोरं जावं लागलं, आणि त्यातून मिळाला तो झोन, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. राज्य नव्हे.

लोकसंख्येची अट मात्र कुठेच नाही, त्यामुळे ‘आम्ही इतके लाख’ हा मुद्दा अर्जात फार ताणू नये. 2007 च्या जनगणनेत हररी राज्यात सगळे मिळून 1,83,415 लोक होते, त्यात खुद्द हररी समाजाचे दहात एकही नव्हते. तरी त्यांचं राज्य पहिल्या नवांत. उलट सिदामा समाज तीस लाखांच्या घरात, आणि तेव्हा दक्षिणेच्या पन्नासहून अधिक समाजांच्या एकत्र राज्यात एक झोन म्हणून बसलेले.

कागद म्हणाल तर मुख्य एकच : त्या समाजाच्या परिषदेचा दोन तृतीयांश बहुमताचा ठराव. पण ज्यांच्याकडे स्वतःची परिषदच नाही, त्यांनी ठराव आणायचा कुठून? लहान समाजांचं घोडं इथेच अडतं. ठराव झाला की तो राज्य परिषदेकडे, म्हणजे सध्याच्या राज्याच्या विधानसभेकडे, लेखी द्यायचा. तोंडी आश्वासनावर विसंबू नका, पोच जपून ठेवा, कारण पुढची मुदत या लेखी मागणीवरच उभी आहे.

आता ती मुदत, जी सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. मागणी मिळाल्यापासून एका वर्षात राज्य परिषदेने जनमत घ्यायचं आहे. एका वर्षात राज्य मिळेल, असं तिथे लिहिलेलं नाही. आणि वर्ष उलटूनही परिषद गप्प बसली तर पुढे काय, यावर हे कलमही गप्प. सिदामा झोनच्या परिषदेने 18 जुलै 2018 ला ठराव केला. वर्ष गेलं, मतदान नाही. मग कार्यकर्त्यांनी 18 जुलै 2019 ला आपणच राज्य जाहीर करायचं ठरवलं आणि त्या दिवसांतल्या हिंसाचारात अनेकांचे जीव गेले. ज्यांच्या हातात मुदत पाळणं होतं, त्यांनी ती पाळली असती तर ही वेळ आली नसती. मतदान झालं 20 नोव्हेंबर 2019 ला, 98.5 टक्के कौल राज्याच्या बाजूने पडला, आणि जून 2020 मध्ये सिदामा दहावं राज्य झालं.

शेजारच्या मुदतींशीही गल्लत होते. राज्यांच्या हद्दीचा वाद संघ सभागृहाने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, सोडवायचा तर दोन वर्षं, कलम 48. देशातून फुटून निघण्यासाठीचं जनमत केंद्र सरकारने घ्यायचं, त्याला तीन वर्षं, कलम 39. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत हे तिन्ही आकडे सर्रास अदलाबदल होतात.

कौल मिळाल्यानंतरचं काम सोपं : साधं बहुमत पुरतं, जुनी राज्य परिषद अधिकार सोपवते, आणि संघराज्यात येण्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही.

दक्षिणेतल्याच वोलायता समाजाचं प्रकरण मात्र या पायरीपर्यंत आलंच नाही. त्यांच्या झोन परिषदेनेही 2018 च्या डिसेंबरात ठराव केला होता. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांचे पदाधिकारी पकडले गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये मतदान झालं, पण प्रश्न वेगळाच होता : आणखी पाच झोन आणि पाच विशेष वोरेडांसोबत (वोरेडा म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग) मिळून एक राज्य हवं का? वोलायता झोनमधलं ते मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झालं आणि जूनमध्ये पुन्हा घ्यावं लागलं. ऑगस्टमध्ये ‘दक्षिण इथिओपिया’ राज्य झालं. त्याचा कारभार वोलायता सोडो शहरातून चालतो. वोलायतांनी मागितलेलं राज्य ते हे नव्हे.