रँक म्हणजे ओळ, ग्रेड म्हणजे पायरी

"पहिला आला" आणि "पहिल्या वर्गात पास झाला". दोन्ही बातम्या आनंदाच्या, दोन्हींत 'पहिला' आहे, आणि घाईत ऐकणारा दोन्हींचा अर्थ एकच धरून चालतो. पण पहिला येणारा सहसा एकच असतो. पहिल्या वर्गात परीक्षेला बसलेले सगळेच्या सगळे पास होऊ शकतात. पहिल्या वाक्यात आहे तो इंग्रजीतला रँक, दुसऱ्यात आहे तो ग्रेड. आता हे दोन्ही शब्द मराठीत पुरते मुरले आहेत. निकालपत्रात, नोकरीच्या अर्जात, पगाराच्या कागदात ते शेजारी शेजारी बसलेले दिसतात आणि एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरला जातो.

मी भाषांतराचं काम करते. एकदा कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाचा एक तक्ता तपासायला आला. मूळ इंग्रजीत दोन रकाने होते, एक रँकचा आणि एक ग्रेडचा. मराठीत दोन्हींच्या डोक्यावर 'श्रेणी' लिहिलं होतं. तक्ता तसाच वाटला गेला होता आणि भरून परतही आला होता. कुणी दोन्ही रकान्यांत 'ब' लिहिलं, कुणी दोन्हींत '४', कुणी एका रकान्यात चक्क आपलं पदनाम टाकलं. सगळा तक्ता पुन्हा भरून घ्यावा लागला. चूक भरणाऱ्यांची नव्हती. त्यांना दोनदा एकच प्रश्न विचारला होता आणि प्रत्येकानं आपल्या परीनं त्यातून दोन उत्तरं काढायचा प्रयत्न केला होता.

फरक ओळखायची माझी खूण साधी आहे: बाकीचे सगळे उठून गेले, तर आपल्या नावापुढचं काय बदलतं?

समजा ४० जणांनी एक परीक्षा दिली. तुम्हाला १०० पैकी ६२ गुण पडले, ग्रेड मिळाला 'ब' आणि नंबर आला सातवा. काही दिवसांनी कळलं की वरच्या सहा जणांचे अर्ज मुळातच अपात्र होते, त्यांचे निकाल रद्द झाले. आता तुम्ही पहिले. तुमची उत्तरपत्रिका तीच, गुण तेच ६२, ग्रेडही तोच 'ब'. तुम्ही काहीच केलं नाही आणि तुमचा रँक सहा घरं वर सरकला. रँकला सतत इतरांकडे बघावं लागतं. ग्रेड बघतो मोजपट्टीकडे, आणि मोजपट्टीला शेजारी कोण उभं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. 'वासरांत लंगडी गाय शहाणी' ही आपली म्हण हेच सांगते: गाय वासरांत पहिली ठरली, हा तिचा रँक; पाय लंगडा तो लंगडाच राहिला, हा तिचा ग्रेड.

या दोन शब्दांची मुळं पाहिली की फरक आणखी स्वच्छ होतो. ग्रेड आला लॅटिनमधल्या 'ग्रादुस' या शब्दातून, त्याचा अर्थ पाऊल किंवा पायरी. ग्रॅज्युएट, डिग्री, ग्रॅज्युअल, प्रोग्रेस ही सगळी त्याच घरातली भावंडं. रँक आला जुन्या फ्रेंचमधून, तिथं त्याचा अर्थ ओळ, रांग. त्याच्याही मागे गेलं तर जर्मानिक भाषांतला कडं किंवा वर्तुळ या अर्थाचा शब्द लागतो, ज्यातून इंग्रजीतला 'रिंग' आला. रेंज आणि अरेंज हे रँकचे नातलग. अरेंज करणं म्हणजे मुळात ओळीत लावणं. तेव्हा एक शब्द ओळीचा, एक पायरीचा. पायरीवर एकटं उभं राहता येतं. एकट्याची ओळ होत नाही.

ओळीचा हा अर्थ इंग्रजीत अजून जिवंत आहे, आणि तो माहीत नसेल तर वाक्प्रचार हमखास फसवतात. सैनिक खांद्याला खांदा लावून आडवे उभे राहिले की ती रँक. एकामागे एक उभे राहिले की ती फाइल. बुद्धिबळाच्या पटावरही तेच: १ ते ८ आकड्यांच्या आडव्या ओळी म्हणजे रँक, अक्षरांच्या उभ्या ओळी म्हणजे फाइल. 'बॅक रँक मेट' म्हणतात तेव्हा कुणाच्या हुद्द्याचा संबंध नसतो. राजा आपल्याच प्याद्यांच्या मागे, अगदी शेवटच्या आडव्या ओळीत कोंडलेला असतो आणि हत्ती किंवा वजीर त्या ओळीत शिरून मात करतो, एवढंच. ब्रिटनमध्ये 'टॅक्सी रँक' म्हणजे टॅक्सी रांगेनं उभ्या राहतात ती जागा. तिथंही उच्चनीच काही नाही.

इथूनच एक मजेदार पेच तयार होतो. 'मॅन ऑफ रँक' म्हणजे मोठ्या हुद्द्याचा माणूस. पण 'द रँक्स', म्हणजे तोच शब्द अनेकवचनात, म्हणजे साधे शिपाई! ओळीत उभे राहायचे ते शिपाई. अधिकारी ओळीबाहेर, समोर किंवा बाजूला. म्हणून 'रँक अँड फाइल' म्हणजे सामान्य शिपाई, आणि आता कुठल्याही पक्षाचे, संघटनेचे सामान्य कार्यकर्ते. 'रोझ फ्रॉम द रँक्स' म्हणजे शिपायापासून सुरुवात करून अधिकारी झाला. 'रिड्यूस्ड टू द रँक्स' म्हणजे हुद्दा काढून घेऊन पुन्हा साधा शिपाई केला. याचं भाषांतर 'हुद्द्यापर्यंत उतरवला' असं केलेलं मी वाचलं आहे; अर्थ बरोबर उलटा झाला. 'क्लोज रँक्स' म्हणजे संकटात एकमेकांना धरून राहणं, 'ब्रेक रँक्स' म्हणजे आपल्याच लोकांची ओळ मोडून वेगळी भूमिका घेणं. 'पुल रँक' मात्र एकवचनी, आणि म्हणून हुद्द्याचं: अधिकाराचा धाक दाखवून काम करून घेणं. नियम म्हणून हा पक्का नाही, पण एकवचनात बहुधा हुद्दा आणि अनेकवचनात बहुधा ओळी, असं धरून वाचलं तर क्वचितच घसरायला होतं.

जाता जाता: घाण वासाला किंवा माजलेल्या रानगवताला इंग्रजीत 'रँक' म्हणतात तो शब्द निराळाच. तो जुन्या इंग्रजीतून आला, तिथं त्याचा अर्थ गर्विष्ठ, बलदांड असा होता. 'रँक आउटसायडर'मधला 'रँक'ही तोच, म्हणजे निव्वळ, पुरता. ओळीशी त्याचं नातं नाही.

आता सैन्यातच थोडं थांबू या, कारण रँक आणि ग्रेड दोन्ही एकाच माणसाला चिकटलेले तिथं दिसतात. अमेरिकेच्या सैन्यदलांत रँक म्हणजे हुद्द्याचं नाव आणि ग्रेड म्हणजे पगाराची पायरी. अधिकाऱ्यांच्या पायऱ्या ओ-१ ते ओ-१०, जवानांच्या ई-१ ते ई-९. आता तिथल्या भूदलातला कॅप्टन घ्या: तो ओ-३. नौदलातला कॅप्टन घ्या: तो ओ-६, म्हणजे भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा. नाव एकच, मधे तीन पायऱ्या. उलट उदाहरणही आहे. भूदलात स्पेशालिस्ट आणि कॉर्पोरल दोघंही ई-४, पगाराची पायरी एकच. पण कॉर्पोरल हा हाताखालच्या जवानांचं नेतृत्व करणारा नॉन-कमिशन्ड अधिकारी, स्पेशालिस्ट तसा नव्हे. म्हणजे ग्रेड सारखा, रँक वेगळा. अनुवादात नुसतं 'कॅप्टन' लिहून पुढं गेलं की वाचकाला कळत नाही समोर कोण आहे. एकानं शंभरेक माणसांची कंपनी सांभाळलेली असते, दुसऱ्यानं अख्खी युद्धनौका.

इथं माझी खूणही थोडी अडखळते, हे मान्य करायला हवं. कर्नलच्या भोवतीचे सगळे निघून गेले तरी तो कर्नलच राहतो. हुद्दा या अर्थानं वापरलेला रँक पायरीसारखा वागतो, निकालातल्या नंबरासारखा नाही. प्राण्या-वनस्पतींच्या वर्गीकरणातही तसंच: जाती, प्रजाती, कुल, गण यांना तिथं रँक म्हणतात आणि ती सरळसरळ शिडी आहे. तिथं सावध राहायचं ते दुसऱ्याच कारणासाठी. गिंको हे झाड आपल्या कुलात आज एकटंच उरलेलं आहे, तर ऑर्किडच्या कुलात हजारो जाती आहेत. दोन्हींचा रँक 'कुल'. रँक सारखा म्हणून आवाका सारखा, असं समजून चालत नाही.

बरोबरी झाली की रँक आणि मोजमाप कसे फारकत घेतात, ते टोकियो ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या उंच उडीत दिसलं. १ ऑगस्ट २०२१ रोजी कतारचा मुताझ बरशीम आणि इटलीचा जियानमार्को ताम्बेरी दोघांनीही २.३७ मीटर पार केलं आणि २.३९ वर दोघांचेही तिन्ही प्रयत्न फसले. तोवर दोघांची एकही उडी चुकलेली नव्हती. पुन्हा उड्या मारून निकाल लावण्याऐवजी दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतलं. बेलारूसच्या माक्सिम नेदासेकाउनंही २.३७ मीटरच पार केलं होतं, पण त्याच्या खात्यावर फसलेला प्रयत्न होता, म्हणून तो कांस्यपदकावर राहिला. रौप्यपदक कुणालाच मिळालं नाही. तिघांची उंची एकच आणि रँक १, १, ३. दुसरा क्रमांक रिकामा, कारण रँक विचारतो "तुझ्या पुढे किती जण आहेत?", आणि नेदासेकाउच्या पुढे दोघं होते. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे रोजचं आहे: तिथं 'रँक' मागितला तर उत्तर १, १, ३ असं येतं, आणि 'डेन्स रँक' मागितला तर १, १, २. या दोन आज्ञांत गफलत झाली की यादीतल्या खालच्या प्रत्येकाचा नंबर बदलतो.

रँकची सगळ्यात मोठी उणीव मला वाटते ती हीच, की तो अंतर सांगत नाही. पहिला आणि दुसरा यांच्यात अर्धा गुण आहे की तीस, ते रँकवरून कधीच कळत नाही. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी मोजपट्टी केली. कोण कुणावर ओरखडा काढतो एवढ्यावरच ती उभी आहे. शंखजिरं १, कुरुंद ९, हिरा १०. दिसायला ही श्रेणी, मोजलेली पायरी. पण आत आहे ती निव्वळ ओळ. प्रत्यक्ष मोजलं तर हिरा कुरुंदापेक्षा सुमारे चौपट कठीण भरतो, आणि तक्त्यात मात्र दोघांत एकाच आकड्याचं अंतर. अशा आकड्यांची सरासरी काढायला कुणी बसलं की मला राहवत नाही. चौथा आणि दहावा क्रमांक मिळून 'सरासरी सातवा' होत नाही. ओळीतल्या जागांची बेरीज करता येते, पण त्या बेरजेला अर्थ नसतो.

ग्रेड किती टिकाऊ असू शकतो, ते पाहायला पुन्हा बुद्धिबळाकडे जाऊ. ग्रँडमास्टर हा किताब मिळवायला २५०० रेटिंग (निकालांवरून ठरणारे खेळाच्या ताकदीचे गुण) गाठावं लागतं आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत नॉर्म, म्हणजे ठरलेल्या पातळीची कामगिरी केल्याची नोंद, मिळवावे लागतात. एकदा मिळाला की तो सहसा आयुष्यभराचा. पुढं रेटिंग कितीही घसरलं तरी खेळाडू ग्रँडमास्टरच. जागतिक क्रमवारीतली जागा मात्र दर महिन्याला नवी यादी लागली की बदलते, आणि खेळाडूनं त्या महिन्यात एकही डाव खेळला नसला तरी बदलू शकते. इतर खेळले, तेवढं पुरतं.

मग गोंधळ होतो का? कारण काही वेळा आपणच दोन्हींची सरमिसळ करतो. 'वरच्या दहा टक्क्यांना अ, पुढच्या वीस टक्क्यांना ब' असे ग्रेड वाटले जातात तेव्हा पाटी ग्रेडची असते आणि आत माल रँकचा. सगळ्यांनी उत्तम काम केलं तरी तिथं कुणाला तरी 'क' मिळणारच. माझ्या मते ही पद्धत वापरावी की नाही हा वेगळा वाद आहे, पण वापरली तर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण 'क' वाचणारा माणूस आपण कमी पडलो असंच समजतो. पर्सेंटाइलचंही तेच. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. आपण साधारण ९० टक्के परीक्षार्थींच्या पुढे आहोत, एवढंच तो आकडा सांगतो. टक्क्यांचे कपडे घातलेला तो रँक आहे.

आणि आता आपले शब्द. गंमत अशी की मराठीत ही जोडी मुळापासून उलटी बसली आहे. ग्रेडला आपण 'श्रेणी' म्हणतो, पण संस्कृतात श्रेणी म्हणजे ओळ, रांग. रँकला 'क्रमांक' म्हणतो, पण 'क्रम' म्हणजे मुळात पाऊल टाकणं. तीन पावलांत विश्व व्यापणाऱ्या विष्णूचं नाव त्रिविक्रम आहे ते त्यामुळेच. 'पद' म्हणजे तर सरळच पाय. इंग्रजीत ओळीचा झाला रँक आणि पायरीचा झाला ग्रेड. आपल्याकडे पावलाचा झाला क्रमांक आणि ओळीची झाली श्रेणी. अरबीतून आलेला 'दर्जा' मात्र नेमका जागेवर बसतो, कारण त्याचाही मूळ अर्थ पायरी. 'आपली पायरी ओळखून वागावं' म्हणताना आपण नकळत त्याच चित्राकडे बोट दाखवतो. अरबीकडूनच आलेल्या 'हुद्द्या'च्या मुळाशी जबाबदारी आहे, आणि सैन्यातल्या रँकसाठी याहून चांगला शब्द मला आजवर सापडलेला नाही.

तो तक्ता दुरुस्त करताना एका रकान्यावर मी लिहिलं 'गटातील क्रमांक', दुसऱ्यावर 'कामाचा दर्जा'. पहिल्याच्या शेजारी एक छोटा रकाना वाढवून घेतला: 'किती जणांपैकी'. दुसऱ्याखाली अ म्हणजे काय, ब म्हणजे काय, हे एकेका ओळीत छापलं. दुसऱ्या खेपेला तक्ता परत आला तेव्हा कुणीही पदनाम लिहिलं नव्हतं.