नवतपा, कूलर आणि मातीचा वास

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, नागपुरात दही लावायला कसब लागत नाही. सकाळी सातला विरजण घाला, दुपारच्या जेवणाला दही तयार. आणि फ्रीजमध्ये ठेवायला विसरलात तर रात्री ते तोंडात घालवत नाही. डिसेंबरात मात्र तेच भांडं टॉवेलात गुंडाळून रात्रभर वाट बघावी लागते. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आम्ल वाढलं की दुधातलं प्रथिन गोठतं. चाळीस अंशांच्या आसपास त्यांतल्या अनेकांचं काम जोरात चालतं. आपण घामाघूम असतो तेव्हा त्यांचा सीझन असतो.

जिवाणू म्हणजे अवघी एक पेशी. आत केंद्रक नाही, डीएनए तसाच मोकळा. बाहेरून बहुतेकांना भिंत. मिलिमीटरभर जागेत पाचशे ते हजार जण ओळीनं बसतील. वाढायचं आणि मधोमध दुभंगायचं, एवढंच त्यांचं पुनरुत्पादन. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू सगळं मनासारखं असेल तर हे २० मिनिटांत उरकतो. या वेगानं एकाचे दहा तासांत १०० कोटींवर व्हायला हवेत. अन्न आधीच संपतं, म्हणून हा हिशेब कागदावर राहतो.

कूलरची टाकी चार-आठ दिवस घासली नाही की आत बुळबुळीत थर धरतो, तीही बऱ्याच अंशी त्यांचीच वस्ती. स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडून ते पत्र्याला धरून बसतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही, ब्रशच मारावा लागतो.

पण मला खरं कुतूहल आहे ते शहराबाहेरच्या काळ्या मातीतल्या जिवाणूंचं. उमरेड किंवा काटोलच्या रस्त्यानं मे महिन्यात जा. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. तिथं जिवंत काही असेल असं वाटतच नाही. तरी त्या मातीच्या चिमटीत कोट्यवधी जिवाणू असतात. स्ट्रेप्टोमायसिस नावाचा गट बुरशीसारखा धागे पसरत वाढतो आणि हलाखीचे दिवस आले की बीजाणू बनवून कोरड्यात तग धरतो. १९४३ साली क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते याच गटातल्या एका जिवाणूत. मृगाच्या पहिल्या सरीला जो वास येतो, त्यातला मोठा वाटा याच मंडळींच्या जिओस्मिन या रसायनाचा. थेंब मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वास घेऊन बारीक तुषार उडतात. २०१५ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी हे टिपलं गेलं.

जिवाणूला वास हवा कशाला? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचं उत्तर गमतीचं आहे. या वासानं स्प्रिंगटेल नावाचे मातीतले इवलेसे जीव ओढले जातात, जिवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले, विष्ठेतून पडणारे बीजाणू दूरवर नेऊन टाकतात. आपण खिडकीत उभे राहून ज्याला पावसाचा सुगंध म्हणतो, ते मुळात दुसऱ्याच कुणासाठी धाडलेलं जेवणाचं आमंत्रण आहे.

पाऊस जमला की सोयाबीन आणि तुरीची पेरणी. महिना-दीड महिन्यानं सोयाबीनचं एखादं झाड मुळासकट हळूच उपटून पाहा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. नखानं फोडा, आतून गुलाबी-लाल निघाली तर कारखाना सुरू आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. त्याचा अमोनिया करायला खताच्या कारखान्यात चारशे अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो; गाठीतले रायझोबियम गटातले जिवाणू तेच काम मातीच्या तापमानाला करतात. मोबदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. अडचण एकच, हे काम करणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजननं बिघडतं. म्हणून झाड गाठीत आपल्या हिमोग्लोबिनचं चुलत भावंड शोभेल असं प्रथिन भरतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेतानं सोडतं. लाली त्याचीच.

बीजप्रक्रियेसाठी कृषी केंद्रातून जे रायझोबियमचं पाकीट आणतात, त्यात हेच जिवाणू असतात, जिवंत. म्हणून ते पाकीट मोटारसायकलच्या डिकीत उन्हात तापत ठेवायचं नसतं, आणि ते चोळलेलं बियाणंही सावलीतच सुकवायचं असतं.